एक जूनची लेकरं

दरवर्षी ३१ मे आला की महाराष्ट्रात सरकारी कचेऱ्यांतून आणि शाळांतून निरोपसमारंभांची एकच धांदल उडते. शाल, श्रीफळ, पेढ्यांचा पुडा आणि अध्यक्षांचे दोन शब्द. एवढी माणसं एकाच दिवशी निवृत्त कशी होतात याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. शिक्षकाला वाटत नाही. एक जूनला जन्मलेला माणूस आदल्या दिवशी निवृत्त होतो, आणि आमच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र कागदोपत्री एक जूनला जन्मलेला आहे. आम्हीही त्यातलेच. २०२१च्या ३१ मेला आमची नोकरी संपली. कोरोनाचे निर्बंध होते, समारंभ झाला नाही. शाल घरपोच आली.

अम्मीला आमचा जन्म विचारला की ती म्हणायची, "नदी को पूर था, दाई को आते आते रात हो गई." वऱ्हाडात एक जूनला नदीला पूर येत नाही, तेव्हा नुसती धूळ असते. पण अब्बांनी शाळेत नेलं तेव्हा गुरुजींनी आम्हाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितला. कान हाताला लागला. गुरुजींनी सहा वर्षं मागे मोजली आणि एक जून लिहून टाकला. पुढे आम्ही स्वतः गुरुजी झालो आणि तेच केलं. ही कबुली आहे, आणि या लेखात ती पुन्हा येणार आहे.

आमच्या नोकरीची बरीच वर्षं किन्हीराजात गेली. तालुका मालेगाव. मालेगाव म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाशिककडचं यंत्रमागांचं शहर आठवतं. आमचं मालेगाव वाशिमचं. नागपूरहून औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाणारा जुना रस्ता आमच्या गावावरून जातो. शिवारात सोयाबीन, तूर, थोडी कपाशी. आम्ही आलो तेव्हा हा अकोला जिल्हा होता. १ जुलै १९९८ला वाशिम वेगळा झाला आणि तिसरीतल्या एका पोराने भर वर्गात विचारलं, "गुरुजी, काल आपन अकोल्याचे होतो, आज वाशिमचे झालो. मंग मले कोनं इचारलं?" आम्ही हसलो आणि नकाशा काढायला सांगितला. नागरिकशास्त्रातला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता, आणि आम्ही तो नकाशावर भागवला.

हा विषय आमच्याकडे आला तो कोणाला नको होता म्हणून. गणित, इंग्रजीला मान असतो. इतिहासाला निदान लढाया असतात. नागरिकशास्त्र म्हणजे पुस्तकाच्या मागच्या बाजूला चिकटवलेली थोडी पानं, आणि ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकायची. आम्हीही पहिली काही वर्षं उरकलीच. मग एकदा घरात बेगमची पिशवी आवरताना त्यांच्या शाळेचं उर्दू पुस्तक हाती लागलं. त्या उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवत. पुस्तकाचं नाव 'तारीख व शहरियत'. शहरियत म्हणजे नागरिकशास्त्र, आणि शहरियत म्हणजेच नागरिकत्वही. मराठीत हे दोन शब्द वेगळे, त्यामुळे एकाचं दुसऱ्याशी काही नातं आहे हे आमच्या लक्षात यायला त्या पिशवीची गरज पडली.

लहान मुलांना नागरिकशास्त्र शिकवावं लागत नाही, त्यांना ते येतच असतं. तिसरी-चौथीच्या पोरांना राष्ट्रपती कोण हे आठवत नाही, पण खिचडीच्या रांगेत कोण घुसलं हे आठवडाभर लक्षात राहतं. शाळेत शिजवलेली खिचडी मिळू लागली त्या दिवसांतली गोष्ट. रांग नेहमी उंचीप्रमाणे लागायची, ठेंगणे पुढे. त्यामुळे मागच्या पोरांच्या ताटात दररोज पातेल्याच्या बुडाची करपलेली खिचडी. एका उंच पोराने तक्रार केली. आम्ही त्याला 'सोसून घ्यावं' असा काहीतरी उपदेश केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपसातच ठरवलं, की सोम, बुध, शुक्र रांग सुलटी आणि मंगळ, गुरू, शनि उलटी. करपलेली खिचडी वाटून घेण्याचा हा कायदा चौथीच्या वर्गाने एका मधल्या सुट्टीत मंजूर केला. आमची मान्यता घ्यायलाही कोणी आलं नाही.

सहावी-सातवीत गंमत वेगळी. या वयात पोरांना नियम कळतात आणि नियमातली पळवाट त्याच दिवशी कळते. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली, पंचायतींना घटनेत जागा मिळाली, ग्रामसभा मोठी झाली, हे आम्ही फळ्यावर लिहून दिलं. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल तेवढी माणसं हवीत, हेही लिहून दिलं. मग पोरांना घेऊन एका ग्रामसभेला गेलो. गावाचं नाव सांगत नाही, किन्हीराजा नव्हे. पोरांनी वहीत रेघा मारून डोकी मोजली. शंभर काही भरेनात, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला पुढच्या वेळी गणपूर्ती लागत नाही, हा नियम तिथल्याच एका म्हाताऱ्याने पोरांना सांगितला. परतताना सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, परीक्षेत आलं तर पुस्तकातलं उत्तर लिहू का खरं?"

या मुलीचं नाव इथे लिहीत नाही. मोहल्ल्यातली, वडील लाकडाच्या वखारीवर कामाला. हा प्रश्न ती वर्षभर विचारायची, आणि आम्ही वर्षभर 'पुस्तकातलं' असं सांगत राहिलो. त्या साली शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक आली. मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री. खोक्याची मतपेटी, बोटाला पेनाची शाई. ती मुख्यमंत्रिपदाला उभी राहिली, चिन्ह छत्री. आम्हाला निकाल आधीच ठाऊक होता, कारण मोठ्यांची निवडणूक गल्लीप्रमाणे होते तशी पोरांचीही होते, आणि आमच्या मोहल्ल्याची पोरं मोजकी. तिने प्रचारात एकच गोष्ट सांगितली. मुलींच्या मुतारीला दार. ते ती पोरांसमोर बोलली नाही, पाण्याच्या टाकीपाशी पोरींना गाठून बोलली. मतमोजणीला बौद्धवाड्यातल्या पोरी, पाटलाच्या वाड्यातल्या पोरी, सगळ्या छत्रीखाली निघाल्या. निकालानंतर चार दिवसांनी तिचे वडील वखारीतल्या फळ्या डोक्यावर घेऊन आले आणि दार ठोकून गेले. आम्ही इतकी वर्षं त्या मुतारीवरून जात होतो. आम्हाला दार नाही हे दिसलं नव्हतं.

सातवीनंतर पोरं हायस्कुलात जात, पण संध्याकाळी आमच्या ओसरीवर येत. नववी-दहावीला पुस्तकात राज्यशास्त्र येतं. निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, लोकशाहीपुढची आव्हानं. धडे चांगले आहेत. पण दहावीचं पोर प्रथम एकच गोष्ट विचारतं, किती गुणांना? इतिहासापुढे राज्यशास्त्राचे गुण थोडे असतात. ते कळलं की निम्मी पोरं वही मिटतात. उरलेली निम्मी मात्र सगळं विचारतात, आणि ते पुस्तकातलं नसतं.

नागपूर जिल्हा परिषदेत ई. झेड. खोब्रागडे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना २००५ साली तिथल्या शाळांतून संविधानाची ओळख करून देण्याचा उपक्रम सुरू झाला होता. ते वाचून आम्हीही ओसरीवर उद्देशिकेचं वाचन घेऊ लागलो. मराठी उद्देशिकेचा पहिला शब्द 'आम्ही'. आम्हाला लहानपणापासून स्वतःला आम्ही म्हणायची खोड आहे, घरातले सगळे 'हम' म्हणायचे त्याचं ते मराठी. पोरांनी लगेच टोमणा मारला, "सर, संविधान तुमच्यासारखंच बोलते!" आम्ही त्यांनाच विचारलं, या आम्हीत कोण कोण? यादी सुरू झाली. आपण. गाव. देश. एका कुणब्याच्या पोराने अभिमानाने सांगितलं की संविधान सभेत आपले अमरावतीचे पंजाबराव देशमुख होते. बौद्ध पोरांना कोणाचं नाव सांगायची गरजच नव्हती, त्यांच्या घरात तसबीर होती.

सगळे गेल्यावर आमच्या मोहल्ल्यातला एक पोरगा मागे रेंगाळला. चप्पल शोधण्याचं निमित्त करून म्हणाला, "सर, अपने में का कोई था क्या वहाँ?"

मौलाना आझाद, आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "वो तो बडे लोग सर. अपने इधर का?"

आम्हाला उत्तर येत नव्हतं. सहज पुस्तक उघडून शोधता आलं असतं, पण तेही केलं नाही. पोरगा घरी गेला, पुढे दहावी झाला, पुण्याकडे कंपनीत लागला. आणि २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्या निकालाबद्दल वाचताना एक नाव समोर आलं. काझी सय्यद करीमुद्दीन, यवतमाळचे वकील. म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यातले. ते संविधान सभेचे सदस्य होते आणि ३ डिसेंबर १९४८ला त्यांनी एक दुरुस्ती मांडली होती. माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची विनाकारण झडती किंवा जप्ती होऊ नये, हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी. बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली होती, तरी शेवटी सभागृहात ती नामंजूर झाली. जवळपास सत्तर वर्षांनी न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य करताना त्या चर्चेची दखल घेतली.

आम्ही वर्तमानपत्र मांडीवर ठेवून बराच वेळ बसून होतो. किन्हीराजाहून यवतमाळ काही दूर देश नाही. संविधान सभेतल्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य बेगम ऐजाझ रसूल आणि त्यांनी राखीव जागांना केलेला विरोध आम्हाला ठाऊक होता, कारण तो प्रश्न स्पर्धा परीक्षेला येतो. काझीसाहेब येत नाहीत. पुण्याच्या त्या पोराचा नंबर शोधून फोन लावला. तो पाळीवर होता, मागे यंत्राचा आवाज. "कौन, सर? काझी कौन?" आम्ही पुन्हा सांगितलं. त्याला स्वतःचा प्रश्न आठवत नव्हता. रीतीप्रमाणे त्याने अम्मीची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

आता २०२०चा जानेवारी. राज्य सरकारने आदेश काढला होता, २६ जानेवारीपासून सगळ्या शाळांत परिपाठाला उद्देशिकेचं वाचन. सकाळी आमची पोरं खड्या आवाजात 'आम्ही' म्हणत, आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या येत. पिशव्यांत कागद. आदल्या ऑगस्टमध्ये आसामच्या यादीतून एकोणीस लाखांवर माणसं वगळली गेली होती, डिसेंबरात नागरिकत्वाचा कायदा दुरुस्त झाला होता, आणि पुढे आपल्याकडे काय होणार हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. मतदारयादीचं काम आम्ही बरीच वर्षं केलेलं, नमुना सहा नि नमुना सात घेऊन दारोदार हिंडलेलो. त्यामुळे लोकांना वाटे, सरांना माहीत असणार. "सर, देख लो ना एक बार." राशनकार्डावर एक नाव, आधारावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं.

तिसरं नाव बऱ्याचदा आमच्याच अक्षरात असायचं.

आमच्या भागात शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुसलमानांची नावं आखडून लिहायची पद्धत. शेखचं शे., सय्यदचं स., मोहम्मदचं मो., अब्दुलचं नुसतं अ. रकाना अरुंद, मुलं पुष्कळ, टाकातली शाई वाचते. आम्हीही तसंच लिहिलं. आम्ही, ज्यांचं स्वतःचं नाव शेखने सुरू होतं. पुढे संगणक आला. एका केंद्रावरच्या मुलाने 'शे.' हे इंग्रजीत जसं दिसलं तसं उतरवलं, एस, एच, ई. इंग्रजीत त्याचा उच्चार शी होतो आणि अर्थ 'ती'. एका साठीच्या दाढीवाल्या गृहस्थांच्या कार्डावर नावाआधी 'ती' छापून आलं होतं. ओसरीवर सगळे हसले. ते गृहस्थही हसले, आणि मग म्हणाले, "हँसने का नै सर, इसका करने का क्या?"

एका संध्याकाळी ती आली. छत्रीवाली. बत्तीस वर्षांची, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात नांदणारी, कडेला एक आणि बोटाशी एक. दाखला पुढे ठेवला. नावात शे., जन्मतारीख १ जून १९८७. अक्षर आमचं.

पटनोंदणीचा तो दिवस आम्हाला आठवत होता. आम्ही घरोघर फिरत होतो, तिच्या आईने दारातूनच सांगितलं होतं, "सूखे के साल हुई, कपास चुनने के दिन थे." म्हणजे १९८७चा दुष्काळ आणि कापूस वेचणीचे दिवस, दिवाळीच्या आसपास. बाईंनी तारखेइतकीच पक्की खूण दिली होती. आम्ही एक जून लिहिला.

आम्ही आयुष्यभर हक्क नि कर्तव्यं शिकवली, पण कोणत्या तारखेला जन्मलेला माणूस कोणत्या कलमाने नागरिक ठरतो हे एकदाही फळ्यावर लिहिलं नव्हतं. त्या महिन्यात स्वतः शिकलो. १९५५चा कायदा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक, आईबापांचं काही विचारायचं नाही. १ जुलै १९८७पासून पुढे आई किंवा वडील नागरिक असले पाहिजेत. ३ डिसेंबर २००४पासून आणखी अट. म्हणजे आमच्या खोट्या तारखेने ती मुलगी रेषेच्या अलीकडे होती आणि तिच्या आईच्या खऱ्या तारखेने पलीकडे.

तिला हे समजावून सांगितलं. नाव दुरुस्त करायचा प्रयत्न करू, तारखेला हात लावू नको, असंही सांगितलं. शाळा सोडलेल्या मुलाची रजिस्टरातली तारीख तशीही सहजासहजी बदलत नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सर, पुस्तकातलं उत्तर लिहू का खरं?" अगदी सातवीतल्या आवाजात. बेगम चहा घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या.

आम्ही काही बोललो नाही. आजही विचारलं तर काय सांगावं हे ठरलेलं नाही. कायद्याने तिचं काही अडत नव्हतं, आईबाप इथलेच. पण इथलेच म्हणजे काय हे दाखवायला पुन्हा कागदच. दोघं मिळून मालेगावला गेलो आणि कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज केला. गावच्या कोतवालाकडच्या जन्ममृत्यूच्या त्या जुन्या नोंदी, आता जातीच्या दाखल्यांसाठी लोक त्या शोधत असतात. काही आठवड्यांनी नक्कल मिळाली. तिच्या वडिलांच्या जन्माची नोंद. आजोबांचं नाव, तेही शे. लिहूनच, जात मुसलमान, आणि पुढे फक्त 'मुलगा'. त्या बुकात मुलाचं नाव बहुतेक नसतंच. वखारीतले तिचे वडील तो कागद हातात धरून म्हणाले, "मतलब मैं हूँ, लेकिन नाम नै है."

पुढच्या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि एप्रिलपासूनची लोकसंख्या नोंदणी पुढे ढकलली गेली. पिशव्या घरोघरी परत ट्रंकेत गेल्या. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळेपासून मतदारयादीपर्यंतचा मुख्य कागद झाला. २०२५च्या सुरुवातीला राज्यात उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले देणं थांबवलं गेलं, पुढे नियम कडक झाले, आणि ट्रंका पुन्हा उघडल्या. लोक आताही येतात. आम्ही चष्मा लावून बसतो.

टाळेबंदीत ती माहेरीच अडकली होती. २०२०च्या जूनमध्ये शाळा बंद होत्या, पण प्रवेशाच्या नोंदी चालू होत्या. आमच्या नोकरीचा तो शेवटचा जून. ती थोरलीला घेऊन आली, तोंडाला ओढणी बांधून. पोरगी सहा वर्षांची, दवाखान्यात जन्मलेली, जन्मदाखला सोबत. आम्ही सवयीने रजिस्टर ओढलं, टोपण काढलं आणि रकान्यात श लिहिला, वर मात्रा दिली.

"पूरा, सर," ती म्हणाली.

आम्ही खाली पाहून लिहू लागलो. ती टेबलापाशी उभी राहून अक्षर अक्षर वाचत होती, पोरगी टाचा उंचावून पाहत होती. शेख, मग मुलीचं नाव, मग शेख, मग बापाचं पूर्ण नाव. रकाना अरुंदच होता. शेवटचे दोन शब्द खालच्या ओळीत गेले. आम्ही दाखल्यावरची तारीख पाहिली, बोट ठेवून पुन्हा पाहिली, आणि ती जशी होती तशी उतरवली.